चिंचोटीचा चढ

नवी सायकल घेतल्यापासून चंद्रहास दर रविवारी चिंचोटीच्या चढावर माझ्या आधी पोचायचा. वर पोचलो की पाण्याची बाटली पुढे करून म्हणायचा, "जितू, दोष तुझा नाही रे, तुझ्या सायकलचा आहे." कॉलेजपासूनचा मित्र, म्हणून त्याचं ऐकून मी आधी टायर बदलले, मग पुढचं सस्पेन्शन, मग गिअरचा अख्खा सेट. बूटसुद्धा त्यानेच निवडून दिले. स्वतःच्या सायकलला मात्र तो कुणाला हात लावू देत नसे.

एवढं करूनही मी मागेच राहायचो. शेवटी घाबरून हार्टची तपासणी करून घेतली. रिपोर्ट येईपर्यंत चंद्रहास माझा हात धरून बसला होता. रिपोर्ट नॉर्मल आला, पण मी मनातून खचलो तो खचलोच.

आज सकाळी चंदनसारला त्याच्या घरी गेलो, आता सायकलिंग बंद करतोय हे सांगायला. दार वसुंधरावहिनींनी उघडलं.



"बसा ना भावोजी, हे आंघोळीला गेलेत. निघायला जरा उशीर होईल हं, सायकल आत्ताच चार्जिंगला लावलीय."