ओव्हरटेक

इंदिरानगरात गेम पार्लर चालवणाऱ्या निकितानं सोमनाथच्या कपाळाला पट्टा बांधला. "बटणं नाहीत, दादा. मनात आणायचं, बाईक तसंच करते."

त्याच्या स्क्रीनवर नुसतं हँडल आणि रस्ता दिसत होता. तीच बाईक मागून, चालवणाऱ्यासकट, काउंटरवरच्या टीव्हीवर दिसत होती, निकितासमोर.

पुढे ट्रक आला. सोमनाथ मनात म्हणाला, काढ पुढे. बाईकनं ब्रेक मारला.

पुन्हा तेच झालं. त्यानंतरही तेच.

"पट्टा बिघडलाय तुमचा," तो चिडून म्हणाला.

"नाही हो. ब्रेक तुमच्याकडूनच येतोय."

सिन्नरच्या रस्त्यावरही असाच ट्रक पुढे होता, तेव्हा मागे बसलेल्या बायकोनं, कल्याणीनं, त्याचा डावा खांदा दाबला होता. "जाऊ दे ना त्याला." त्यानं खांदा झटकून ओव्हरटेक मारला होता. कल्याणी रस्त्यावर पडली, ती उठलीच नाही. दहाव्याला सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ब्रेक मारला होता, पण लागलाच नाही."

स्क्रीनवर ट्रक परत समोर आला.

कुणीतरी त्याचा डावा खांदा दाबला. निकिता तर काउंटरपाशी होती. सोमनाथनं मागे पाहिलं नाही. त्यानं खांदा झटकला आणि बाईक ट्रकला मागे टाकून सुसाट निघाली.

"जमलं की, दादा!" निकितानं टाळी वाजवली. मग ती टीव्हीकडे बघतच राहिली.

"पण मघापासून बाईकवर तुमच्या मागे बसलेल्या त्या ताई कुठं गेल्या?"