दोन मुक्या पट्ट्या

दीड महिना इस्पितळात काढून पियानोवाली व्हेस्टा शनिवारी दुपारी बारमध्ये आली, तेव्हा बारमालक हॉइट लाकडी जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरत होता. बूट सरकल्याशिवाय पूर्व टेक्ससात कोणी नाचत नाही.

"पियानो दुरुस्त करून घेतलाय," तो म्हणाला. "त्या दोन मुक्या पट्ट्यासुद्धा आता बोलतात. खास तुझ्यासाठी हं!"

व्हेस्टाने पट्ट्या दाबून पाहिल्या. अकरा वर्षं मुक्या होत्या बिचाऱ्या. तिला भरून आलं. पण आजारानंतर बोटांवर तिचा भरवसा उरला नव्हता. आज कोणी नाचलं नाही, तर गाशा गुंडाळून बहिणीकडे टल्साला जायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

चार वाजता तेलविहिरीवरची पाळी सुटली. गडी आपापल्या बायकांना घेऊन आले. व्हेस्टानं तिची नेहमीची, स्वतः बांधलेली चाल धरली. त्या दोन पट्ट्यांची जागा आली. दोन्ही पट्ट्या खणखणीत वाजल्या आणि मागे पावलं अडखळली. कोणीतरी कोणावर तरी आदळलं. दुसऱ्या फेरीला निम्मी जोडपी बसली. तिसऱ्या फेरीला मैदान साफ.

तिनं हात मांडीवर ठेवले. "बोटं गेली माझी, हॉइट."

"बोटांना काय धाड भरलीय?" पियानोवर कोपर टेकत क्लीटस म्हणाला. विहिरी खोदणारा हा ताडमाड गडी तिच्या पहिल्या दिवसापासून तिथे नाचत आला होता. "बाई, ती जागा आमची होती. तिथे तुम्ही गप्प, आणि आमचे बूट दणादण. आता तिथेही तुम्हीच बोलायला लागलात, मग आम्ही काय करायचं?"

व्हेस्टानं मागे वळून रिकाम्या जमिनीकडे पाहिलं. अकरा वर्षं ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. तो दणका तिला निव्वळ दंगा वाटायचा.

हॉइटचा चेहरा पडला. "म्हणजे आता त्या दोघींना परत मुकं करू?"

"कशाला?" व्हेस्टा म्हणाली. "असू देत. ज्यांना नाचायचं नाही त्यांनी बसून राहावं, ही रीतच आहे ना तुझ्याकडे? त्याही तिथे बसून राहतील."

तिनं चाल पुन्हा धरली. सगळे उठले. ती जागा आली, तसे तिनं दोन्ही हात वर उचलले आणि कान मागे लावले.

चाळीस बूट एकदम आदळले. पियानोवरचा ग्लास थरथरला, आणि उडालेलं मक्याचं पीठ तिच्या बोटांवर येऊन बसलं.