स्वच्छ आवाज

घाटात दरड सव्वानऊला कोसळली. बचाव पथकाचा फोन आला तेव्हा मथुराबाई निर्धास्त होत्या. "आमचा विलास सुखरूप आहे हो. साडेनऊला बोलला माझ्याशी. गोळी घेतलीस का विचारलं, जेवायला येतो म्हणाला."

पथकाने अडकलेल्यांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं.

संध्याकाळ झाली तरी विलास आला नाही. त्याची बायको रेवती मोबाइल कंपनीत होती. सिग्नल तुटला की कॉलमधल्या रिकाम्या जागी माणसाचे नेहमीचे शब्द त्याच्याच आवाजात भरायची पद्धत तिनेच बसवली होती. तिने त्या कॉलचा मूळ आवाज काढला. खरखरीतून विलास पुन्हा पुन्हा सांगत होता, "आई, गाडीत अडकलोय. माणसं पाठव."

मथुराबाईंचं उत्तर मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. "बरं, सावकाश ये."