कुजबुज तरी

"कुजबुज तरी राहील ना?" प्रॉम्प्टरने विचारलं.

पडद्यावरच्या चित्रावर फिरणारं डॉक्टरीणबाईंचं बोट थांबलं. चित्र त्याच्याच घशाचं होतं. स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, त्यातल्या एकीवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ, आणि ती पट्टी जागची हलत नव्हती. गाठीच्या तुकड्याचा अहवाल टेबलावर पडला होता. कॅन्सर होता, आणि तो आजूबाजूची कूर्चा पोखरून बाहेर आलाय, असं स्कॅन सांगत होता. अख्खं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं, येत्या मंगळवारी.

"आवाज जाणार, ते कळलं," तो म्हणाला. "जाऊ दे. मला आवाजाचं काय लोणचं घालायचंय? मोठ्याने कधी बोललोच नाही. माझं पोट कुजबुजीवर चालतं."

ते खरंच होतं. एकतीस वर्षं तो विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर नाटकाची वही ठेवून, नटांना विसरलेलं वाक्य पुरवत आला होता. नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये, एवढाच आवाज. नट मुद्दाम थांबलाय की अडलाय, हे तो त्याच्या श्वासावरून ओळखायचा. थांबलेल्याला शब्द दिला तर नट शिव्या घालतो, अडलेल्याला नाही दिला तर सगळं नाटक बोंबलतं. नाटकवाले त्याला पुटपुट्या म्हणत. घरीही तो तसाच बोलायचा. त्यामुळे त्याचा घसा बसून आठ महिने बसलेलाच राहिला, तरी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. घशाला आराम म्हणून हा शहाणा आणखीच कुजबुजत राहिला. घास अडकायला लागला तेव्हा कुठे बायकोने धरून आणलं.

"मला तरी कळायला हवं होतं," बायको म्हणाली. "पण लग्न झाल्यापासून याच आवाजात चहा मागतात हो. बसलेला काय नि न बसलेला काय!"

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या गळ्याच्या खालच्या खळगीवर बोट ठेवलं. "काका, कुजबुजही नाही राहणार. पुढे श्वास इथल्या भोकातून चालेल. छातीतली हवा तोंडात येणारच नाही. आणि कुजबुजायलाही हवा लागते."

प्रॉम्प्टरने तोंडासमोर हात धरला आणि हळूच फुंकर मारली. ती तळव्याला लागली.

"ही पण नाही?"

"ही पण नाही."

आता मात्र तो घाबरला. इतका वेळ त्याने कॅन्सर ऐकून घेतला होता, मंगळवार ऐकून घेतला होता. एका फुंकरीपाशी त्याचं अवसान गळालं.

"नंतर बोलता येतं, काका. आत झडप बसवतात, ते शिकावं लागतं. नाहीतर गळ्याला टेकवायचं यंत्र असतं. घूं घूं आवाज येतो, पण समजतं."

"विंगेत घूं घूं? प्रेक्षक खुर्च्या फेकतील." तो हसायला गेला आणि खोकत सुटला. खोकला थांबल्यावर त्याने टेबलाची कड धरली. "तुम्ही गोळ्या द्या. रेडिएशन द्या. जाळा हवं तर, पण कापू नका."

"सहा-सात महिन्यांपूर्वी आला असतात तर कदाचित नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं. आता गाठ श्वासाची वाट अडवतेय. काहीच केलं नाही तर वर्षही हातात नाही."

"मग वर्षाच्या आत जेवढं मिळेल तेवढं द्या." तो उठला. "पंचवीस प्रयोग लागलेत. आमच्या म्हाताऱ्या नायकाचा तिसरा अंक माझ्याशिवाय उभा राहत नाही. चल गं."

"खाली बसा!"

बाहेरच्या बाकांवरचे लोकसुद्धा दचकले असतील, एवढ्या मोठ्याने बायको ओरडली. "नायकाच्या तिसऱ्या अंकाची काळजी आहे! माझा कितवा चाललाय, विचारलंत कधी?"

तो बसला. डॉक्टरीणबाईंनी संमतीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "सही तुमचीच लागेल, काका. मी जबरदस्ती नाही करू शकत." मग त्या बायकोकडे वळल्या. "काकू, तुमचं काय म्हणणं?"

"यांचं ऐकू नका, डॉक्टर. यांना वाटतं, वाक्य पुरवता आलं नाही की आपला उपयोग संपला. मला कुठे उपयोगासाठी पाहिजेत? मला हे... मला हे..."

तिचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरीणबाई अहवालात डोकं घालून थांबल्या. प्रॉम्प्टर शेजारच्या खुर्चीवरून बायकोकडे बघत होता. आधी त्याला वाटलं, थांबली असेल. मग त्याने तिचा श्वास ऐकला. तो वर गेला होता आणि खाली येत नव्हता. ती अडली होती.

मांडीवर वही नव्हती, तरी पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. ते द्यायचं नव्हतं. दिलं की सही आली, सही केली की मंगळवार आला. पण तिचा श्वास काही खाली येईना, आणि एकतीस वर्षांत अडलेल्या माणसाला त्याने असं कधी उघड्यावर सोडलं नव्हतं.

ओठ न हलवता, तिच्यापुरतंच, तो कुजबुजला, "हवे आहेत."

"हवे आहेत," ती म्हणाली. "मला हे हवे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "काका काही म्हणाले का?"

"नाही," बायकोने पेन उचलून त्याच्या हातात दिलं. "मीच म्हणाले."