दगडाची ओटी

महायुद्धात नवरा गमावलेल्या साळूबाईला समोर बसवून मी काळ्या दगडातून एक बसलेली बाई घडवली आणि पोटाच्या जागी मुद्दाम आरपार पोकळी ठेवली. अख्खं शिल्प त्या पोकळीसाठीच होतं. पण औंधातल्या बायकांना हे कोण सांगणार? दर मंगळवारी यमाईचं दर्शन उरकून त्या माझ्या पडवीत शिरायच्या आणि त्या पोकळीत खण, नारळ, तांदूळ भरून जायच्या.

"अहो, ही देवी नाही, दगड आहे!" मी ओरडायचो.

"नसंना का देवी. बाईची ओटी अशी मोकळी ठिवू न्हाई, दादा," साळूबाईची थोरली जाऊ बयाबाई उलट मलाच दटावायची.

आज मात्र माझं डोकंच फिरलं. सगळे तांदूळ उपसून मी अंगणात भिरकावले. झाडायला आलेल्या साळूबाईनं केरसुणी बाजूला ठेवली, ती खाली बसली आणि एकेक दाणा वेचून पदरात घेऊ लागली.

"राहू द्या, साळूबाई. चिमण्या खातील."



"नगं," ती मान वर न करता म्हणाली. "चार वर्सं झाली, माज्या पदरात कुणी घातलं न्हाईत."