रांगेतला शेवटचा दगड

"अख्खा आठवडा लागेल," यंत्रावरची धूळ झटकत विटोल्ड म्हणाला. "लाटा कोरायच्यात, जहाज कोरायचंय. रेमेकचा दगड म्हणजे पोरखेळ नाही."

यागनाने ते वहीत टिपलं. दर ऑक्टोबरला ती व्रोत्सवाफच्या विद्यापीठातून गावी यायची आणि बापाला, विटोल्डला, कामांचा क्रम लावून द्यायची. ग्रॅनाइटवर अक्षरं कोरणारं यंत्र एकच, आणि सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, म्हणून त्याआधी जो तो आपल्या माणसाच्या थडग्यावर दगड मागणार. तिची रीत साधी होती. मुदतीप्रमाणे कामं लावायची. एखाद्याला उशीर होतोय असं दिसलं, की तोवर लावलेल्या कामांतलं सगळ्यात लांबलचक काम उचलून रांगेच्या शेवटी टाकायचं. एकाला उशीर, बाकीचे वेळेत.

ते एक काम दर वर्षी तिच्या भावाचं, रेमेकचंच निघायचं.

"म्हणजे यंदाही नाही?" बीटचं सूप वाढत झेनोबियाने, तिच्या आईने, विचारलं. रेमेक समुद्रावर गेला तो परतलाच नाही. पुरायला देहसुद्धा मिळाला नव्हता. निदान दगडापाशी एक मेणबत्ती लावता यावी, एवढंच तिचं मागणं होतं.

"पोरीचं गणित नाही म्हणतं," विटोल्ड खाली मान घालून म्हणाला. "मी काय करू?"

"वा गं तुझं गणित! सख्ख्या भावाला रांगेत ताटकळत ठेवतं!"

यागनाने चमचा खाली ठेवला. वर्गात ती हीच रीत शिकवायची. फळ्यावर शेवटचं काम लिहिताना ओल्या कपड्यांतला रेमेक तिला रांगेच्या टोकाला उभा दिसायचा. तो कधी तक्रार करत नसे. त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा.

यंदा मात्र तिने ठरवलं, खड्ड्यात गेली रीत. चार घरांचे शिव्याशाप खाऊ, पण रेमेकचा दगड आधी.

दुसऱ्या दिवशी बाप गाडी घेऊन बाहेर पडताच ती मापाची पट्टी घेऊन मागच्या शेडमध्ये शिरली आणि तिने रेमेकच्या दगडावरची ताडपत्री ओढली.

दगड कोरलेला होता. नाव आणि दोन सालं. लाटा नव्हत्या, जहाज नव्हतं. जेमतेम अर्ध्या दिवसाचं काम, आणि अक्षरांत वर्षांची धूळ बसलेली. यागनाचं डोकं भणाणलं. बाबा आईला फसवत होते, तेही तिच्या गणिताच्या आडून!

"आई!" ती ओरडली आणि वळली.

झेनोबिया दारातच उभी होती, हातात मेणबत्ती आणि काडेपेटी. ती दगडाजवळ आली आणि सवयीने गुडघ्यांवर बसली. तिथे जमिनीवर मेणाचे जुने थर होते. तिने मेणबत्ती लावली, ती पुरती जळेपर्यंत बसून राहिली, मग उठून ॲप्रन झटकला.

"झाकून ठेव ते, आणि बाबांना एक अक्षर बोलू नकोस," ती म्हणाली. "दगड दफनभूमीत उभा राहिला, की पोरगा गेला हे त्यांना मानावं लागेल. आज जेवताना मी पुन्हा विचारेन. तू आपली नाहीच म्हण."