डार्सी ह्रिंचुकच्या फेऱ्या

"चला आजोबा, व्हा पुढे. आज वाट तुम्ही दाखवायची," बर्फाकडे जाणाऱ्या दारात कप्तान म्हणाला.

कप्तान बावीस वर्षांचा, डार्सी ह्रिंचुक चौतीसचा. आइस हॉकीच्या लहान लीगमध्ये चौदा वर्षं बसनं गावोगाव भटकून डार्सी आज पहिल्यांदा मोठ्या लीगच्या दारात उभा होता. तेही संघातल्या लिंडग्रेनची पाठ आखडली म्हणून. पाठ सुटली तर लिंडग्रेन खेळणार, आणि डार्सी न खेळणाऱ्या गड्यांसारखा सूट चढवून वर गॅलरीत पॉपकॉर्न खात बसणार. निकाल अजून डॉक्टरांच्या हातात होता. तोवर सामन्याआधीचा सराव तरी करून घ्यावा, म्हणून तो दारातून सुटला.

पहिल्या वळणावर मागं पाहतो तर चिटपाखरू नाही. सगळी टोळी दारातच, पोट धरून हसतेय.

नव्या गड्याला पहिल्या फेरीला एकटं सोडायचं, ही बर्फावरची जुनी खोडी. डार्सीनं स्वतः कितीतरी पोरांना असं दारातून ढकललं होतं. पण या वयात आपणही नवे धरले जाऊ, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. हेल्मेट तर पोरांनी आधीच पळवलेलं. अठरा हजार लोकांसमोर टक्कल लखलखत होतं आणि लोक टाळ्या पिटत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

एवढ्यात काचेवर कुणीतरी थापा मारल्या. लिंडग्रेन होता. अंगात सूट, गळ्यात टाय.

"पाठ गेली कामातून," तो काचेपलीकडून ओरडला. "आज तूच खेळतोयस, म्हाताऱ्या."

डार्सीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे तो बायकोला जन्मात सांगणार नव्हता.

फेरी पुरी झाली. पोरं बर्फावर उतरायला सरसावली. डार्सी मात्र थांबला नाही, दारासमोरून सरळ पुढे निघून गेला.

"ओ काका," कप्तान ओरडला, "एकच फेरी असते."

"चौदा वर्षं थांबलोय," डार्सी मागं न बघता म्हणाला. "वर्षाला एक धर. तेरा राहिल्यात."

कप्तानानं दार आतून ओढून घेतलं. मागं रेटारेटी चालली होती, तिकडे वळून म्हणाला, "बसा रे जरा."